तेजूचं मौन

“बोलायची कधीपासून बंद झाली?”

डॉक्टरीण बाईंनी मान वर न करता विचारलं. हातात केसपेपर, गळ्यात नळी, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. पंचविशी-सव्विशीची पोर असेल. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, डॉ. मुजावर. खाटेवर माझी तेजू निजली होती. झटका येऊन तीन तास झाले होते, तरी तिच्या उजव्या हाताची मूठ उलगडत नव्हती.

“चार दिवस झाले,” मी म्हणाले.

“नक्की चारच? त्याच्या आधी नीट बोलत होती?”

“व्हय. पोपटावाणी.”

त्यांनी लिहून घेतलं. चार हा आकडा कागदावर उमटताना मी बघितला, आणि गळ्यातली तुळशीची माळ पदराखाली ढकलली. कारण मी खोटं बोलले होते.

तेजू, म्हणजे तेजस्विनी, माझ्या धाकट्या भावाची पोर. आमचा भाग घाटमाथ्यावरचा. घरटी एक तरी माणूस गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामाला परमुलखात असतो. भाऊ कोइमतूरला होता. तिथून तो आजार घेऊन आला. आधी तो गेला, मग वहिनी, आणि अडीच वर्षांचं लेकरू माझ्या ओट्यात आलं तेव्हा त्याच्याही रक्तात तेच निघालं. एचआयव्ही. मी विधवा, मूलबाळ नाही. घरात एक शिलाई मशीन आणि देवळात कीर्तन, एवढाच माझा संसार होता. गावाला सांगितलं, पोरीला रक्त कमी आहे, त्याच्या गोळ्या चालू आहेत. सकाळी सात, संध्याकाळी सात. साडेसहा वर्षांत एक वेळ चुकवली नाही. शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात तपासणीला गेलं की रक्ताचा अहवाल चांगला यायचा, आणि मी परत येताना एसटीत खिडकीला बसून हरिपाठ म्हणायची.

तेजू बोलायची म्हणजे किती! मशीनशी बोलायची, कोंबडीशी बोलायची, माझ्या ब्लाउजांना काजं करता करता गिऱ्हाईक बायकांच्या सासवांची चौकशी करायची. कीर्तनात पहिल्या रांगेत बसायची आणि बुवांना सोडायची नाही. आमचे दिगंबरबुवा दर एकादशीला शेजारच्या तालुक्यातून येत. अंधारात त्यांना दिसत नसे, म्हणून आमच्या देवळात कीर्तन दुपारी चारला उभं राहायचं आणि सहाच्या एसटीने बुवा परत. एकदा भर कीर्तनात ही उठून उभी राहिली.

“बुवा, मागल्या खेपेला त्या शेतकऱ्याकडं दोन बैल व्हते. आज चार कसं झालं?”

मृदंग थांबला. बुवांनी उपरणं सावरलं. “मधल्या पंधरा दिवसांत दोन विकत घेतले गं बाई त्यानं. तुला विचारायचं राहिलं.”

देवळात हशा पिकला. मी तोंडावर पदर घेतला, पण मला आतून केवढं कौतुक वाटलं होतं!

त्या वर्षीच्या आषाढी एकादशीला बुवांनी चातुर्मासाचं निरूपण केलं. चार महिने प्रत्येकानं काहीतरी सोडायचं, जे सोडणं जिवावर येईल ते. मग पोरांना एकेकाला उभं करून विचारलं. कुणी गुळाचा खडा सोडला, कुणी गोट्या. तेजूचा नंबर आला.

“कारलं सोडते,” ती म्हणाली.

“अरे वा! कारलं तर मीही सोडलंय. लग्न झालं तेव्हापासून.” बुवा माझ्याकडे वळले. “अनुसयाबाई, ही पोर खरं काय सोडील तर हिच्या जिवावर येईल?”

“बोलणं,” मी बसल्या जागेवरून म्हणाले. पुन्हा हशा.

बुवा खाली वाकले. “जेवताना तरी गप बसशील? चार महिने? मौनाचं जेवण देवाला पावतं, बाळा.”

तेजूनं थोडा विचार केला. “पाणी पाहिजे असलं तर?”

“बोट दाखवायचं.”

“बरं,” ती म्हणाली. असं तिचं मौन सुरू झालं. फक्त जेवणापुरतं.

पहिले आठ दिवस ताटावर बोटांचा नुसता तमाशा होता. मिठाला एक खूण, भाकरीला दुसरी, माझी भाजी बिघडली तर नाक धरून तिसरी. मग खुणा कमी झाल्या. मग जेवण झालं तरी ती लगेच बोलेना. शेजारची हौसाक्का म्हणाली, “अनू, पोरगी दिसभर गप ऱ्हायलीया. बरं न्हाई का तिला?”

“व्रत वाढवलंय तिनं,” मी म्हणाले. तेजूला विचारलं, “व्हय ना गं? दिसभराचं मौन?” तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि हसली. तिला हसायला वेळ लागला, तेवढं माझ्या ध्यानात आलं. पण मला ते हसू संतांच्या घरचं वाटलं.

आणि मग मी मिरवलं. ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायांना सांगितलं. त्या पोरांना घेऊन बघायला येऊ लागल्या. तेजू उंबऱ्यात बसलेली असायची, पाय पसरून, हात मांडीवर. “बघ, नाहीतर तू,” असं म्हणून आया आपल्या पोरांना चिमटे काढायच्या. तेजू सुईत दोरा ओवेना झाली, तेव्हा मी म्हटलं आळस. उंबऱ्याला ठेचकाळून दोनदा पडली, तेव्हा म्हटलं ध्यान देवाकडं आहे. गोळ्या त्या खेपेला दोन महिन्यांच्या मिळाल्या होत्या, त्यामुळे दवाखान्याची फेरीही नव्हती. आणि अजा एकादशी होऊन तिसऱ्या दिवशी, सकाळी, चुलीपुढं बसल्या बसल्या तिचे डोळे फिरले, तोंडाला फेस आला आणि ती उजव्या अंगावर कोसळली.

दवाखान्यात त्यांनी पाठीतलं पाणी काढलं. डोक्याचा फोटो काढला. हातात सुई रुतवून दर आठ तासांनी इंजेक्शन सुरू केलं. डॉ. मुजावर मला समजावून सांगायच्या. सगळ्या डॉक्टरांत त्याच एक समोर बसून बोलायच्या.

“मेंदूला सूज आहे, मावशी. चार दिवसांत एवढं झालं, म्हणजे बाहेरून काही जंतू गेला असणार. तिचा जो आजार आहे, तो तर रक्तात दबलेला आहे. तुम्ही गोळ्या इतक्या नेमानं दिल्यात. त्याच्यावर संशय घ्यायचं कारण नाही. म्हणून हे इंजेक्शन.”

मी मान डोलावली. चार दिवस म्हणून इंजेक्शन. माझ्या चार दिवसांवर ते इंजेक्शन लागलं होतं, हे मला तेव्हाच कळलं. कळलं नाही असं म्हणायची सोय नाही.

पाच दिवस गेले, सहा गेले. झटके थांबले, पण तेजू होती तशीच. डोळे उघडे, नजर कुठं लागत नव्हती. पाय लाकडासारखे ताठ झाले होते. सातव्या दिवशी डॉ. मुजावरांनी तिच्या गुडघ्यावर लहानशी हातोडी मारून बघितली, टाचा वाकवून बघितल्या आणि कपाळाला आठी घातली.

“काहीतरी जुळत नाही. असे पाय चार दिवसांत होत नाहीत. मावशी, नीट आठवा. त्याच्या आधी काहीच नव्हतं? धडपडणं, हातातून वस्तू पडणं? अभ्यासात मागं पडणं?”

“काही न्हाई, मॅडम.”

“बोलणं?”

“चारच दिवस.”

का? आता कुणी विचारलं तर मी सांगू शकते. तेव्हा मला नुसती भीती होती. गोळ्यांच्या रांगेत बाया सांगायच्या, हयगय केली की लेकरू काढून घेतात, संस्थेत टाकतात. ती एक भीती. पण ती धाकटी होती. थोरली भीती वेगळीच होती. खरं सांगायचं तर असं सांगावं लागलं असतं की माझी पोर माझ्या डोळ्यांदेखत दीड महिना विझत होती, आणि मी गावाला बोलावून तिचं दर्शन घडवत होते.

नवव्या दिवशी, भेटायच्या वेळेत, दिगंबरबुवा आले. शहरात घरोघरी गौरी बसल्या होत्या. बुवांच्या हातात सोवळ्यातल्या पुरणपोळीची पुडी होती. धोतर वर खोचून, खाटा मोजत मोजत, डोळे बारीक करून ते आमच्या खाटेशी आले. तेजूच्या पायांशी उभे राहिले आणि हात जोडले.

“एवढ्या दुखण्यात पण व्रत मोडलं नाही लेकरानं,” ते म्हणाले. “अनुसयाबाई, तीन गावांत सांगितली मी हिची गोष्ट. माणसं रडली. परवा एका गावात सात पोरांनी मौन धरलं.”

मी खाटेची पट्टी धरली.

“बुवा, ते व्रत नव्हतं.”

“काय म्हणता?”

“आजार व्हता. बोलणं येत न्हवतं तिला. मला कळायला पायजे व्हतं. मला वाटलं, ती गप बसलीया.”

बुवा खाटेवर बसले. बराच वेळ पुडीचा दोरा सोडत राहिले आणि पुन्हा बांधत राहिले. मला वाटलं, आता समजूत घालतील, दृष्टांत देतील, देवाची इच्छा म्हणतील. मी त्यासाठी कान देऊन बसले होते, खोटं कशाला बोलू.

“डॉक्टरांना सांगितलंत?” त्यांनी विचारलं.

“न्हाई.”

“मग मला काय सांगता?” बुवा एकदम चढ्या आवाजात म्हणाले. पलीकडच्या खाटेवरच्या बाईनं वळून बघितलं. “मी हिला काय औषध देणार आहे? टाळ कुटू इथं? उठा! उठा आधी!”

मी उठले. चप्पल घालायचं भान नव्हतं. डॉ. मुजावर सिस्टरच्या टेबलाशी उभ्यानं चहा पीत होत्या.

“मॅडम, चार दिवस नव्हं. लई दिवस झालं.”

त्यांनी कप खाली ठेवला. “किती?”

“आषाढीपासनं.”

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची ओढून मला दिली. कोरा कागद घेतला. “पहिल्यापासून सांगा. काय आधी गेलं, काय नंतर. तारखेनिशी.”

“तारखा मला येत न्हाईत, मॅडम. मला एकादश्या येतात.”

“एकादश्या?”

“दर एकादशीला कीर्तन असतंय. कुठल्या कीर्तनात ती कशी बसली व्हती, ते सगळं ध्यानात हाय माझ्या.”

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढून टेबलावर पसरलं आणि त्याच्यावर बोट ठेवलं. “आमची आईपण अशीच. तिला चंद्र विचारायचा, तारीख नाही. चला, आषाढी. ही इथं. तेव्हा?”

“बोलत व्हती. कारलं सोडते म्हणाली.”

“पुढची कुठली?”

“कामिका. आषाढ वद्य. तवा हू-हा करायची. कीर्तनात टाळ्या वाजवताना उजवा हात मागं पडत व्हता. मी म्हटलं, लक्ष न्हाई.”

“हाताची बारीक कामं करत होती तेव्हा?”

“सुईत दोरा कामिकेच्या आधी दोन दिवस शेवटचा ओवला. तिसऱ्यांदा ओवला गेला.”

त्या लिहीत होत्या, आणि मी सांगत होते. आयुष्यात कधी इतकं खरं मी सांगितलं नव्हतं. कुठल्या कीर्तनात ती मांडी घालू शकली, कुठल्या कीर्तनात भिंतीला टेकली, कुणी प्रसाद दिला तेव्हा कुठल्या हाताने घेतला. सगळं होतं माझ्याकडं. सगळं मी बघितलं होतं.

“मग पुत्रदा,” डॉ. मुजावर म्हणाल्या. आता तेही नाव त्यांना आलं होतं. “श्रावणातली. ही. तेव्हा?”

मी कॅलेंडरवरून नजर काढून घेतली.

“मावशी?”

“पुत्रदेला बुवांनी तिला पुढं बोलावलं. हार घातला. तिची लाळ गळत व्हती, मी पदरानं पुसली. परत येताना देवळाच्या पायरीवर तिनं माझा पदर धरला. तोंड उघडलं. आ, आ, असं करत व्हती. आत्याचा आ. गळ्याच्या शिरा फुगल्या व्हत्या तिच्या.” मी टेबलाची कड धरली. “मी तिच्या ओठावर बोट ठेवलं, मॅडम. म्हटलं, गप. इतक्या दिसांचं व्रत मोडतंय. ती रडली. आणि त्याच्यानंतर तिनं परत तोंड उघडलंच न्हाई.”

डॉ. मुजावरांचं पेन थांबलं होतं. त्यांनी कॅलेंडरवर पुत्रदेच्या चौकोनात एक लहानशी फुली केली. मग उठून, कागद घेऊन, जवळजवळ पळतच मोठ्या डॉक्टरांच्या खोलीकडे गेल्या.

त्या दिवशी पाठीतलं पाणी पुन्हा काढलं आणि मुंबईला पाठवलं. इंजेक्शन बंद झालं. अहवाल यायला अठरा दिवस लागले, पण मोठ्या डॉक्टरांनी त्याची वाट बघितली नाही. माझा एकादश्यांचा कागद बघूनच तेजूच्या रोजच्या गोळ्या बदलल्या. अहवालात तेच निघालं. आजार रक्तात दबलेला होता आणि मेंदूच्या पाण्यात मात्र वाढत होता. आधीच्या गोळ्या तिथवर पुरत नव्हत्या. असं फार क्वचित होतं, डॉ. मुजावर म्हणाल्या, त्यांनी स्वतः आधी एकही पोर असं बघितलं नव्हतं.

“पुत्रदेला आणली असती तर?” मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. “किती फरक पडला असता ते मला सांगता येणार नाही. पण पडला असता, मावशी. मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही.”

मधल्या एकादशीला आमच्या गावच्या देवळात काय झालं ते हौसाक्कानं दवाखान्यात येऊन सांगितलं. बुवा कीर्तनाला उभे राहिले, अभंग घेतला आणि थांबले. म्हणाले, “मी तुम्हाला एका लेकराच्या मौनाची गोष्ट सांगितली होती. ती चुकीची होती. लेकरू आजारी होतं आणि मी त्याच्या गळ्यात हार घातला. ज्यांनी ती ऐकून पोरांना गप बसवलंय, त्यांनी आजच्या आज त्यांना बोलतं करा.” आणि उपरणं घडी करून खांद्यावर टाकलं. पुढं निरूपण झालंच नाही. बाकीच्या तीन गावांत ते स्वतः गेले, हेच सांगायला.

“गावात कुजबूज हाय,” हौसाक्का म्हणाली. “मेंदूत जाणारा असला कुठला आजार म्हणून. इचारत्यात मला.”

“मग सांग त्यांना,” मी म्हणाले. “नाव घेऊन सांग.”

तिनं सांगितलं. मी गावी परत आले तेव्हा शिवायला टाकलेली चार-पाच कापडं कुणी कुणी मुकाट्यानं परत नेली होती. हौसाक्काचं ब्लाउजपीस तेवढं मशीनवर होतं.

तेजू त्यानंतर साडेतीन वर्षं होती. उजवा पाय ओढत का होईना, पाच महिन्यांनी उभी राहिली. मूठ अर्धी उघडली. नजर लागली, मी खोलीत फिरले की माझ्यामागं फिरायची. बोलणं पहिल्यासारखं आलं नाही. दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी सांगितलं होतं, समोर बसा, तोंड दिसू द्या, विचारा आणि थांबा. मी विचारायची. पण मला थांबायला जमायचं नाही, मीच उत्तर देऊन टाकायची.

त्याच सालच्या माघातली गोष्ट. सप्ताहाचा शेवटचा दिवस होता, सकाळी दहाला काल्याचं कीर्तन. पखवाजाला कणीक लावून कुणी थाप बघत होतं, ती घरापर्यंत ऐकू येत होती. अजा एकादशीपासून मी कीर्तन ऐकलं नव्हतं. माझं अंग त्या आवाजाकडं असं ओढलं जात होतं की आजही सांगता येत नाही. मी तेजूला न्हाऊ घातलं, परकर-पोलकं घातलं, कपाळाला बुक्का लावला. चाकाच्या खुर्चीत बसवलं, पायांवर शाल टाकली. मग दारात चप्पल घालून मी तिच्यापुढं वाकले, तोंड दिसेल अशी.

“जायचं ना गं, तेजू? कीर्तनाला?”

ती माझ्याकडे बघत राहिली. मी खुर्चीच्या दांड्याला हात घातलाच होता. तेवढ्यात तिच्या गळ्याच्या शिरा ताणल्या. ओठ वाकडे झाले, जबडा थरथरला. मी हात काढून घेतला. पखवाज थांबला, पुन्हा सुरू झाला. बाहेरून हौसाक्कानं हाक मारली, “अनू, चल की, उशीर व्हतोय!” मी ओ दिली नाही.

“न,” तेजू म्हणाली. कपाळावर घाम आला तिच्या. “न... को.”

मी चप्पल काढली. दाराला आडणा घातला, तिची शाल सारखी केली आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. तोंडातून चकार शब्द काढला नाही. तिचे ओठ अजून हलत होते.